पेन्सिलीचे आकडे

आमच्या घरी दर दिवाळीच्या आधी एका वस्तूवरून वाद होतो. साफसफाई सुरू झाली, माळ्यावरची भांडी खाली आली, जुन्या वह्या रद्दीत गेल्या, की सुनेची नजर माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्याकडे वळते. तिथे एक पत्र्याची पेटी आहे. करड्या रंगाची, हातभर लांब, वर चामड्याची मूठ, समोर एक मोठे गोल डायल आणि दोन-तीन खटके. वजन असे की एका हाताने उचलू म्हटले तर खांदा भरून येतो.

"आई, हे चालतं का?" सून विचारते.

"चालत नाही."

"मग ठेवायचं कशाला?"

या प्रश्नाला माझ्याजवळ सरळ उत्तर नाही. म्हणून मी अनारशांच्या पिठाचा विषय काढते आणि पेटी आणखी एक वर्ष कप्प्यात राहते. परंतु गेल्या दिवाळीत त्या पेटीचे एक प्रकरण घडले, आणि आता ती कप्पा सोडून गेली आहे. तेव्हा तिची हकीकत एकदा सांगून टाकावी हे बरे.

त्या पेटीला सिग्नल जनरेटर म्हणतात. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू, मिरजेत रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवीत. सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी दहा बाय बाराची खोली. समोर फळीवर पोट उघडे पडलेले रेडिओ, मागे व्हॉल्व्हची खोकी, आणि सगळीकडे भरून राहिलेला डाखाचा राळेसारखा वास. त्या दुकानात सिग्नल जनरेटरचा मान देव्हाऱ्यातल्या देवासारखा होता. १९५६ साली मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, अप्पांनी तो जुनाच विकत आणला होता. किती रुपयांना, ते त्यांनी आईला शेवटपर्यंत खरे सांगितले नाही.

रेडिओ कळणाऱ्यांनी पुढची चार वाक्ये सोडून द्यावीत. रेडिओ जुळवायचा म्हणजे त्याच्या काट्याला आणि आतल्या यंत्रणेला एकाच ठिकाणी आणायचे. त्यासाठी समोर एक स्टेशन लागते, आणि तेही आपल्याला हवे तेव्हा, हवे तिथे. खरी स्टेशने आपल्या हुकमाची नसतात. म्हणून ही पेटी स्टेशनाची नक्कल करते. डायल फिरवाल त्या कंपनसंख्येवर ती एक बारीकशी लहर सोडते, आणि त्या लहरीवर चारशे सायकलचा एकसुरी "कूँ" चढवते. तो "कूँ" रेडिओतून जिथे सर्वांत मोठा ऐकू येईल तिथे कारागिराने स्क्रू थांबवायचा. आमच्या गल्लीत सकाळी एकीकडून सतारी जुळत असत आणि दुसरीकडून आमचे रेडिओ. आई म्हणायची, "या गल्लीत सूर न लावणारी मी एकटीच."

अप्पांच्या पेटीत चार पट्टे होते. शेवटचा पट्टा पाच मेगासायकलपासून पंधरापर्यंत जाई. (हल्ली मेगाहर्ट्झ म्हणतात; तेव्हा मेगासायकल.) मीडियम वेव्हला तेवढे पुरून उरत होते. रेडिओ सिलोन ज्या २५ आणि ४१ मीटरवर लागायचे, तेही त्यात बसत होते. आणि बुधवारी रात्री बिनाका गीतमाला नीट ऐकू आली की मिरजेतल्या गिऱ्हाइकांची दुसरी काही तक्रार नसे. परंतु मोठ्या संचांवर १६ आणि १३ मीटरच्याही पट्ट्या असत. १३ मीटर म्हणजे साडेएकवीस मेगासायकलच्या आसपास. तिथे आमच्या देवाचा हात पोहोचत नव्हता.

तसे गिऱ्हाईक एकच होते. मिशनच्या दवाखान्यातल्या एक परदेशी डॉक्टरीणबाई. दिवसा दूरची स्टेशने वरच्या पट्ट्यांवरच चांगली लागतात आणि बाईंना दुपारच्या सुट्टीत आपल्या देशाचा आवाज ऐकायचा असे. त्यांचा संच आला तेव्हा अप्पांनी सगळेच कारागीर करतात ती युक्ती केली. पेटी साडेदहावर लावली की तिच्या लहरीची दुप्पट, एकवीसवरची, क्षीणशी का होईना, बाहेर पडतेच. तिच्यावर संच जुळवून दिला. आठ दिवसांनी बाई संच घेऊन परत आल्या. पट्टीच्या एका टोकाला स्टेशने बरोबर, दुसऱ्या टोकाला संच ठार बहिरा.

चूक अप्पांची होती आणि त्यांनी ती लपवली नाही. प्रत्येक स्टेशनाची रेडिओत एक सावली पडते. आमच्याकडच्या संचांत ती खऱ्या जागेपासून ९१० किलोसायकलवर पडायची. खालच्या पट्ट्यांवर सावली फिकी असते, ओळखू येते. वरच्या पट्ट्यांवर ती जवळजवळ खऱ्याइतकीच ठसठशीत होते. शिवाय आकडा दुप्पट केला की त्यातली चूकही दुप्पट होते. अप्पांनी माणूस समजून सावलीशी हात मिळवला होता. बाईंनी दुरुस्तीचे पैसे परत मागितले नाहीत. अप्पांनी ते टेबलावर ठेवले. त्या गेल्यावर मला म्हणाले, "पोरी, या पेटीला पाचवा पट्टा करायचा. बाविसापर्यंत तरी."

ते साल १९६२. मी चौदा वर्षांची होते. ऑक्टोबरात चीनशी युद्ध सुरू झाले होते आणि जो तो बातम्यांसाठी घरातला मुका रेडिओ बोलता करून घ्यायला येत होता. दुकानात संचांची रांग लागली होती. तरीही रात्री दुकान बंद झाल्यावर अप्पा पेटी घरी आणीत, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आम्ही दोघे तिच्यासमोर बसत असू. आत आई फराळाचे करीत असे.

कॉईल गुंडाळण्याचे काम माझे. अप्पांची बोटे जाड आणि डाखाने पोळलेली, माझी बारीक. बेकलाइटच्या नळीवर इनॅमलची तांब्याची तार गुंडाळायची, दोन वेढ्यांत सारखे अंतर राहावे म्हणून तारेबरोबर शिवणाचा दोरा गुंडाळायचा, मग दोरा हलकेच काढून घ्यायचा आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा हात फिरवायचा. आई चकल्या पाडता पाडता बघायची. एकदा म्हणाली, "माझ्या चकलीचे वेढे कधी कुणी मोजले नाहीत हो."

"तुझी चकली चुकली तर खाता येते," अप्पा म्हणाले.

हिशेब सोपा वाटत होता. वेढे निम्मे केले की कॉईलचा जोर चौथा हिस्सा होतो आणि कंपनसंख्या दुप्पट होते. वेढे एक-तृतीयांश केले की तिप्पट. चौथ्या पट्ट्याची कॉईल बारा वेढ्यांची होती आणि पाचापासून पंधरापर्यंत जात होती. म्हणजे चार वेढे घातले की पंधरापासून पंचेचाळीसपर्यंत! बाविसाचे काय घेऊन बसलात! मी टाळी वाजवली. अप्पांनी कॉईल डाखली, पेटी चालू केली, आणि गँग सावकाश फिरवायला लागले.

गँग म्हणजे एकमेकींत शिरणाऱ्या पातळ पत्र्यांचा तो पंखा. तो उघडला की कंपनसंख्या चढते, मिटला की उतरते. पंखा पूर्ण उघडा असताना पेटी बोलत होती. मिटत नेला तशी तिची लहर क्षीण होत गेली, आणि पंधरावर येण्याच्या कितीतरी आधी ती गप्प झाली. पुन्हा उघडला, पुन्हा बोलली. पुन्हा मिटला, पुन्हा मुकी. आणि जिथे बोलत होती तिथेही आकडा हिशेबाच्या खाली. स्विचपासून कॉईलपर्यंतच्या बोटभर तारेलाही स्वतःचा जोर असतो. बारा वेढ्यांत तो जाणवत नाही. चार वेढ्यांत तो पंक्तीला येऊन बसतो.

"घरची माणसं मोजली," अप्पा कपाळाला हात लावून म्हणाले, "पाहुणे मोजलेच नाहीत."

पाच वेढे केले, सहा केले. तारा आखूड केल्या. व्हॉल्व्ह बदलला. चार रात्री गेल्या. पाचव्या रात्री अप्पांनी पेटीला हातच लावला नाही. नुसते तिच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "आपण हाव धरली. या पेटीला तिप्पट पल्ला झेपत नाही. दीडपट झेपेल." त्यांनी शंभर मायक्रो-मायक्रोफॅरडचा एक अभ्रकाचा कंडेन्सर शोधून काढला आणि तो गँगच्या वाटेत ओळीने बसवला. त्याला पॅडर म्हणतात. गँगने कितीही मिटायचे म्हटले तरी पॅडर त्याला मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे पट्ट्याची झेप कमी होते; पण आहे त्या झेपेत लहर कुठे मरत नाही. मी सात वेढ्यांची नवी कॉईल गुंडाळली. पंखा पूर्ण मिटला तरी पेटी बोलत राहिली. पूर्ण उघडला तरी बोलत राहिली. अंदाजाने चौदापासून बाविसाच्या थोडे पुढेपर्यंत.

"अंदाजाने" हा शब्द मी आज लिहिते आहे. तेव्हा मला वाटले, काम झाले. मी पळत जाऊन दौत-टाक आणला, डायलवर नवे आकडे घालायला. अप्पांनी टाक माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाले, "आकडा लिहायचा तर त्याला साक्षीदार लागतो."

साक्षीदार कसा मिळवायचा, ते गल्लीतल्या चाचांनी अप्पांना फार पूर्वी शिकवले होते. चाचा तंबोरे करायचे. मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर जातात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. चाचा मला कधी मांडीशी बसवून तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा छेडायचे. "ऐक, बेटी." दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पुऱ्या जुळल्या नाहीत, की आवाजात एक लाट उठते, वँव वँव वँव. जुळत आणाल तशी लाट लांबत जाते. आणि दोन्ही अगदी एक झाल्या की लाट नाहीशी होते, एकच सूर उभा राहतो. "लाट आहे तोवर फरक आहे," चाचा म्हणायचे. त्यांच्याजवळ दुसरे कसलेही यंत्र नव्हते.

रेडिओत हेच होते. खरे स्टेशन लावायचे. त्याची कंपनसंख्या निवेदक स्वतः सांगतो आणि त्याचे केंद्र ती कसोशीने पाळते. मग पेटीचा "कूँ" बंद करून नुसती लहर सोडायची आणि डायल हळूहळू त्या आकड्याजवळ आणायचे. लांबून एक शिटी येते. जवळ जाल तशी ती खाली उतरते, घोगरी होते, मग नुसती थरथर राहते, मग काही नाही. त्या "काही नाही"च्या जागी आपली पेटी आणि स्टेशन एक झालेले असतात. कारागीर त्याला झीरो बीट म्हणतात. जुना चौथा पट्टा अप्पांनी दहा मेगासायकलवर तपासला होता, तो दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतून येणाऱ्या सेकंदाच्या ठोक्यांशी. नव्या पट्ट्यासाठी डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडची परदेशी केंद्रांची छापील वेळापत्रके आणून दिली. दुकानाचा जुना आठ व्हॉल्व्हचा रेडिओ समोर ठेवून आम्ही दुपारीच नव्हे, पहाटेही बसलो. लंडन लागले, मेलबर्न लागले. एकेक झीरो बीट सापडला की अप्पा म्हणत, "हं, शाई." आणि मी टाकाने आकडा घालत असे.

असे पंधराच्या आसपास आकडे मिळाले, पावणेअठराच्या आसपास मिळाले, साडेएकविसाच्या आसपास मिळाले. मधे मात्र काही नाही. परदेशी केंद्रे आपापल्या ठरलेल्या पट्ट्यांत राहतात. सोळावर किंवा विसावर आम्हाला बोलावणारे कोणी नव्हते. तिथले आकडे दोन खऱ्या आकड्यांमधले अंतर वाटून काढावे लागले. ते अप्पांनी स्वतः लिहिले, पेन्सिलीने. सोळा, एकोणीस, वीस.

मी म्हटले, "अप्पा, गिऱ्हाइकाला काय कळतंय? सगळे शाईने घातले तर डायल किती छान दिसेल!"

"गिऱ्हाइकाला नाही कळत," ते म्हणाले. "पण दहा वर्षांनी मलाच कळायचं नाही, की यातला तपासलेला कुठला आणि धरून चाललेला कुठला."

बाईंचा संच त्या आठवड्यात जुळला, तोही या टोकापासून त्या टोकापर्यंत. घ्यायला आल्या तेव्हा अप्पांनी त्यांना पेटी उघडून पाचवी कॉईल दाखवली. "ही कोणी केली?" बाईंनी त्यांच्या मराठीत विचारले. अप्पांनी माझ्याकडे बोट केले. बाईंनी कॉईल नीट निरखली, टाके बघावेत तशी, आणि दुरुस्तीच्या पैशांहून वेगळे दोन रुपये माझ्या हातावर ठेवले. "ही मजुरी," त्या म्हणाल्या, "खाऊ नव्हे." त्या दोन रुपयांचे मी काय केले ते आठवत नाही, ते वाक्य आठवते.

पुढच्या वर्षी, १९६३ साली, सांगलीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले, दुकानाची भरभराट झाली, आणि मी अकरावी होऊन विलिंग्डन कॉलेजात विज्ञानाला जाऊ लागले. इंटर सायन्सला मला चांगले गुण पडले. १९६७ चा तो जून. मी अप्पांना म्हटले, मला इंजिनिअरिंगला जायचे आहे.

अप्पांनी हातातला रेडिओ खाली ठेवला नाही. "नको," म्हणाले. "वर्गात सगळी मुलं. वर्षं किती, खर्च किती. बी.एस्सी. कर, बी.एड. कर. शाळेत लागशील, मान राहील, घरही सांभाळता येईल." आवाज चढलेला नव्हता. पॅडर बसवताना जसा होता तसाच होता.

मी रडले नाही, भांडले नाही. त्या काळच्या मुली भांडत नसत असे नव्हे, पण मी भांडले नाही. मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, सांगलीत मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवू लागले. लग्न झाले, मुलगा झाला. आयुष्य वाईट गेले असे मी म्हणणार नाही. जिथे होते तिथे माझी लहर कुठे मेली नाही. परंतु वर्गात फळ्यावर कॉईलचे सूत्र लिहिताना दर वर्षी एकदा तरी मनात यायचे, की ती पेटी तिप्पट पल्ला पेलत नाही, हे अप्पांनी चार रात्री जागून, सहा प्रकारे करून पाहून ठरवले होते. माझे त्यांनी एका वाक्यात ठरवले. फी किती ते विचारले नाही. वसतिगृह आहे का, आधी कोणी मुलगी तिथे शिकली का, हे विचारायला ते सांगलीपर्यंतसुद्धा गेले नाहीत. माझ्यातले पाहुणे त्यांनी मोजले; घरची माणसे मोजलीच नाहीत.

हे मी त्यांना अकरा वर्षे बोलले नाही.

१९७८ च्या नोव्हेंबरात मीडियम वेव्हची मांडणी बदलली. जिनेव्हाला झालेल्या कराराप्रमाणे स्टेशनांमधले अंतर दहा किलोहर्ट्झऐवजी नऊचे झाले, आणि २३ तारखेपासून आपल्याकडची केंद्रे थोडी थोडी इकडेतिकडे सरकली. घरोघर लोक रेडिओला थापा मारू लागले. मी त्या शनिवारी मिरजेला गेले तेव्हा दुकानात गर्दी होती, आणि साठी ओलांडलेले अप्पा लहान मुलासारखे खुशीत होते. कोणाच्या संचाच्या काचेवर केंद्राचे नाव जिथे होते तिथून केंद्र हललेले, ते येणाऱ्याला समजावीत होते, "रेडिओ बिघडला नाही हो, गाव सरकलं आहे."

रात्री दुकान बंद केल्यावर त्यांनी पेटी काढली. "बघ," म्हणाले, "यावर मी केंद्रांची नावं कधी घातली नाहीत. आकडे घातले. केंद्रं हलली, आपले आकडे आहेत तिथंच आहेत." मग त्यांनी खटका पाचव्या पट्ट्यावर टाकला आणि डायल विजेच्या बत्तीकडे धरले. माझ्या चौदाव्या वर्षीच्या अक्षरातले शाईचे आकडे, आणि मधे त्यांचे पेन्सिलीचे. पेन्सिल पुसट झाली होती. त्यांनी ती पुन्हा गिरवली, पेन्सिलीनेच.

"अजून साक्षीदार नाही मिळाला?" मी विचारले.

"नाही." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग डायलकडे बघत म्हणाले, "मी जन्मात एकदाच तपासायच्या आधी शाईने लिहिलं. तुझ्या बाबतीत."

मी काय बोलणार? मनात अकरा वर्षे रचून ठेवलेली सगळी वाक्ये होती. त्यांतले एकही आठवेना. आत आई ताटे घेत होती. मी म्हटले, "जेवायला चला, अप्पा." ते उठले. उठताना पेटीच्या मुठीला हात घातला, तर मी म्हटले, "राहू द्या, मी उचलते." त्यांनी ती मला उचलू दिली. आमचे त्या विषयावरचे बोलणे एवढेच. १९८६ साली ते गेले, आणि दुकान आवरताना मी एवढी एकच वस्तू मागून घेतली.

आता गेल्या दिवाळीचे. माझी नात पुण्यातच इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वर्गात कितीतरी मुली आहेत. त्यात सांगण्यासारखे काही आहे असे तिला वाटतही नाही. वाद चालू असताना ती खोलीत आली, पेटीसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आजी, उघडू?"

चार दिवस आम्ही दोघी पेटीशी बसलो. वाळून फुटलेले जुने कागदी कंडेन्सर तिने बदलले. पहिल्यांदा वीज देताना वाटेत ओळीने एक साधा बल्ब लावावा, म्हणजे आत काही जळत असेल तर बल्ब पेटून सांगतो, हे मी तिला सांगितले. ते तिला माहीत नव्हते, आणि मला उगीचच फार बरे वाटले. बल्ब क्षणभर पेटला, मंद झाला. व्हॉल्व्हची तार हळूहळू तांबडी झाली. मग तिने खिशातून तळहातापेक्षाही लहान एक पट्टी काढली. काही शे रुपयांची. पण काही किलोहर्ट्झपासून दीडशे मेगाहर्ट्झच्या पुढेपर्यंत कुठलाही आकडा सांगा, ती तो हजर करते. अप्पांनी जे बाविसासाठी केले, ते हिला बसल्या जागी साध्य. बरोबर एक मोजणी यंत्रही होते, समोरच्या लहरीचा आकडा उजळून दाखवणारे.

"पणजोबांची परीक्षा घेऊ या," नात म्हणाली.

शाईचा पंधरा लावला; यंत्राने पंधराच्या किंचित वर दाखवले. शाईचे बाकीचेही तसेच, सगळे किंचित वर. कंडेन्सर नवे होते, व्हॉल्व्ह थकलेला होता, साठ वर्षांत एवढे चालायचेच. मग काटा पेन्सिलीच्या विसावर आणला. यंत्र म्हणाले, वीस पूर्णांक चार.

"हा मात्र चुकला," नात म्हणाली.

"म्हणून तर पेन्सिल," मी म्हटले.

तिने एक क्षण माझ्याकडे पाहिले आणि मग डायलकडे. मी तिला सगळे सांगितले. डॉक्टरीणबाई, चकल्या, चाचांचा तंबोरा, चार वेढ्यांची हाव, आणि १९६७ चा जून. सांगून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प होती. मग तिने खोडरबर घेतले आणि विसाचा आकडा पुसायला वाकली, आणि थांबली. "पुसू का ग आजी?"

मी म्हटले, "पूस. ते अक्षर त्यांनी पुसण्यासाठीच घातलं होतं."

तिने पुसला. काटा थोडा मागे घेतला, यंत्रावर बरोबर वीस येईपर्यंत. आणि त्या जागी नवा आकडा घातला. आता साक्षीदार मिळाला होता, म्हणून शाईने. बासष्ट वर्षांनी पाचव्या पट्ट्यावर मधला पहिला शाईचा आकडा उमटला. सोळा आणि एकोणीसही तिने त्याच रात्री उरकले.

भाऊबिजेनंतर ती वसतिगृहावर परतली तेव्हा पेटी बरोबर घेऊन गेली. दोन्ही हातांनी धरून जिना उतरताना म्हणाली, "केवढी जड आहे ग!" मी वरून बघत होते. कपाटाचा खालचा कप्पा आता रिकामा आहे. सुनेने तिथे फराळाचे डबे ठेवले आहेत, आणि यंदा आमच्या घरी कसलाही वाद नाही. मला मात्र साफसफाई सुरू झाली की थोडे चुकल्या-चुकल्यासारखे होते.